फ्यूजआबांचा उलटा हात

गाडीत नवा टेप बसवला की गिऱ्हाईक गाणं ऐकायचं, आणि माझे सासरे डोळे मिटून वायरीला हात लावून बसायचे. पूर्ण आवाजात दहा मिनिटं वाजवून वायर गार राहिली, तरच गाडी सोडायचे. बॅटरीजवळ फ्यूज बसवल्याशिवाय ते वायर पुढे नेत नसत, म्हणून देवळाली कॅम्पच्या बाजारात सगळे त्यांना फ्यूजआबा म्हणत.

मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन कोणी आलं की ते आधी बॅटरी बघायचे. "विहिरीत पाणी नाही आणि मोटर मोठी घेतोस?" असं विचारायचे. एकदा एकजण म्हणाला, "आबा, बारीक वायर चालंल की." आबा म्हणाले, "चालेल ना. शेगडी म्हणून."

पुढे आबांची नजर अधू झाली. माझे मालक ओझरच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे दुकान बंद करायचं घरात जवळजवळ ठरलंच होतं. आबा म्हणाले, "सूनबाई आहे की." गिऱ्हाईक दिसलं की मी कपाटाआड जायचे, पण आबांचं दुकान जाऊ नये म्हणून पाना हातात घेतला.

माझं पहिलं काम पेठच्या एका जीपवाल्याचं. गाणं लावलं. आबा म्हणाले, "आज तू बघ." मी वायर मुठीत धरली आणि म्हणाले, "गार आहे." जीप गेली.

दुसऱ्या दिवशी जीपवाला परत आला. अर्थिंगची वायर पत्र्याला जोडली होती, तिथं तिचं प्लास्टिक वितळलं होतं. खालचा रंग मी खरवडलाच नव्हता, त्यामुळे जोड कच्चा राहून तापला होता.

"आबा, सुनंला घरी भाकऱ्या थापू द्या ना!"

"भाकऱ्या थापते म्हणूनच चुकलं," आबा म्हणाले. "त्या तळहाताला तवा भाजत नाही, वायर काय कळणार? मी त्या तळहातावर विसंबलो, चूक माझी." मग माझ्याकडे वळले. "हात उलटा कर. पोराचा ताप बघतेस तसा."

मी पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायर नवी जोडली. जीपवाला निघायला लागला, तेव्हा मी पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी बोलले. "भाऊ, दहा मिनिटं थांबा." तो थांबला. आबांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता.

नंतर ते नुसते खुर्चीवर बसायचे. कोणी म्हणालं, "आबा, एकदा तुम्ही बघा," की उत्तर ठरलेलं, "तिनं हात लावलाय ना?"

शेवटच्या दुखण्यात ताप उतरत नव्हता. घरातले सगळे म्हणायचे, आबा, आज कमी वाटतोय. त्यांनी मला जवळ बोलावलं. मी उलटा हात कपाळाला लावला.

"हात काय म्हणतोय?"

"गरम आहे, आबा."

ते हसले. "बरोबर. आता दुकानाची काळजी नाही."