लोट्याच्या रंगाची बिअर

पवार समाजाचे पूर्वज माळव्यातून चालत निघाले आणि वैनगंगेच्या खोऱ्यातली धानाची जमीन बघून थांबले, असं आमच्याकडे सांगतात. डोमनलालच्या घराण्यात हे थांबण्याचं काम कुणीतरी अर्धवट सोडलेलं असावं. चोरखमारा गावातली शेती थोरल्या भावाच्या, हुकुमचंदच्या गळ्यात टाकून तो गोंदियाला आला. बिडीच्या कारखान्यात पानं कापली, राइस मिलमध्ये पोती उचलली, लाखेच्या गोदामाची राखण केली. राखणीची नोकरी सुटली, कारण राखायला तो जागेवर नसायचा.

शेवटी रेल्वेच्या हॉकिन्स साहेबाच्या बंगल्यावर खानसाम्याच्या हाताखाली लागला. बंगल्यामागे एक खोली, पडवी आणि लाकडं ठेवायची कोठडी मिळाली. बायको फुलवंता तिथे रमली. डोमनलालही रमला, कारण कुंपणापलीकडे रूळ होते. गाडीची शिटी झाली की हातातला कांदा टाकून बघायला पळता यायचं.

दिवस लढाईचे. खानसामा पलटणीच्या मेसमध्ये निघून गेला आणि विलायती बाटल्या यायच्या थांबल्या. रूळ तपासून आलेला साहेब रिकाम्या ग्लासाकडे बघत बसायचा. तिकडे विलायतेत त्याची आई घरीच बिअर करायची म्हणे. एका सकाळी त्याने डोमनलालला कृती सांगितली. जव भिजवून मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे. ते पाणी गाळून, काहीतरी कडू घालून उकळायचं. निवलं की पाववाल्याकडचं खमीर टाकायचं आणि झाकून ठेवायचं. मग साहेबाने पितळी लोटा उचलून उन्हात धरला.

"ऐसा रंग मांगता. काला नहीं. बडा दिन को मिला, तो तुम पक्का खानसामा. नहीं मिला, तो दूसरा आदमी देखेगा."

बडा दिन म्हणजे नाताळ. दुसरा आदमी आला की खोली जाणार, आणि खोली गेली की चोरखमारा. हुकुमचंदचा निरोप आलाच होता: "बड्या दिनाले गाडी घेऊन येतो. बैल हायेत, हाकनारा पायजे."

पहिला घडा डोमनलालने स्वतःच्या अकलेने केला. लवकर वाळावे म्हणून मोडाचे जव फुटाणेवाल्याच्या भट्टीवर नेले. भट्टीवर गप्पा रंगल्या, जव करपले. कडूपणाला चिचगडच्या जंगलातलं काडेचिराईत घातलं, तेवढं बरोबर जमलं. पण खमीर पडल्यावर घड्याने त्याला बसू दिलं नाही. मालगाडी गेली, काढ झाकण. मेल गेली, काढ झाकण. बोट घाल, चाख. शेवटी निघालं ते इंजिनच्या तेलासारखं काळं आणि शिळ्या ताकाहून आंबट. साहेबाने एक घोट घेतला, उरलेला ग्लास जास्वंदीच्या मुळाशी ओतला.

"झाड आजून जित्तं हाय," डोमनलाल स्टेशनभर सांगत फिरला, जणू ती शिफारसच होती.

आता जव एका घड्यापुरतेच उरले. ते ओल्या पोत्याखाली कोपऱ्यात ठेवले होते. झाडता झाडता फुलवंताने पोतं उचललं, पिवळे मोड बघितले आणि हात मागे घेतला.

"हा तं जवारा होय!"

नवरात्रात देवीपुढे अंधाऱ्या खोलीत जव उगवायचे, मग डोक्यावर नेऊन पाण्यात ठंडे, म्हणजे विसर्जित करायचे, हे तिच्या माहेरचं व्रत.

"जवारा नाई वो, बिअर होय," डोमनलाल म्हणाला. "भट्टीवर नेऊन रायलो."

"आगीवर? मागच्या बारीले बी भाजले का जी?"

"उलीसे, थोडेसेच."

"मनूनच कारं झालं. देवीनं तुमचंच तोंड कारं केलं."

"अवो, याची दारू होनार हाय! दारू चालते अन् भाजनं नाई चालत?"

"दारूचं पाप सायबाचं. भाजनं माह्या घरचं."

"मंग गरम पान्यात कसा टाकू?"

"गरम पान्यानं देवीले बी आंगोर घालते मी. थे चालते. आग नाई."

त्यामुळे जव पडवीच्या छपरावर वाळले. बडा दिन जवळ येत होता आणि थंडीतलं ऊन सरकारी कामासारखं सावकाश. डोमनलाल छपरावर चढायचा, उतरायचा, ढगाला शिव्या द्यायचा, चिमण्या हाकायचा. चिमण्या हाकणं बसून करायचं काम नसल्याने ते त्याला उत्तम साधलं.

खमीर पडल्यावर फुलवंताने घडा कोठडीत ठेवला, कुलूप लावलं आणि चाबी कमरेला खोचली.

"जवाऱ्याच्या खोलीत कोनी डोकावत नाई. उठवाच्या दिवशीच उघडाचं."

डोमनलाल दाराला कान लावून बसला. आत बुडबुड चालली होती. "बोलून रायला," तो खूश होऊन म्हणाला. मग एका दुपारी आवाज बंद झाला.

"फुलवंता, मेला वो थो! चाबी दे."

"झोपला असन. तुमाले झोपेचं काय मालूम?"

तो स्टेशनवर गेला, परत आला, कान लावला, पुन्हा स्टेशनवर गेला. बकाराम हमालाने शेवटी विचारलंच, "काऊन गा डोमन, बायको बारंतीन होऊन रायली का?"

बड्या दिवशी सकाळीच हुकुमचंदची गाडी कुंपणाशी उभी राहिली. तणस अंथरून, बसायची सोय करून. फुलवंताची ट्रंकही त्याने उचलायला घेतली होती, तेवढ्यात तिने कोठडी उघडली. डोमनलाल घडा हिंदकळवेल, म्हणून ओतलंही तिनेच, तळाचा गाळ न हलवता. शेजारी लोटा ठेवला. लोटा विरघळून ग्लासात उतरावा तसा रंग. आगीचं तोंड न बघितलेले जव काळे होणार तरी कशाने?

साहेब प्यायला. पुन्हा प्यायला. मग नाक पुसून म्हणाला, "पक्का." डोमनलाल उडी मारणार, तोच पुढचं आलं: "अब एक घडा हम पीता, दूसरा अंदर बैठता. हमेशा. तुम भी घडा के पास बैठता. कहीं नहीं जाता."

डोमनलालचा चेहरा पडला. ट्रंक खाली ठेवून हुकुमचंद खो खो हसत सुटला. "लेका, बैल बी सांजेले सुटते गा!"

भावाला वाटेवरच्या कुडवा गावापर्यंत पोचवून येतो म्हणून डोमनलाल रिकाम्या गाडीत बसला तो आठवडाभर आलाच नाही. साहेबाने विचारलं तेव्हा फुलवंताने पदर सावरून सांगितलं, "सामान लाने गया साब." आणि बाजारातून जव मागवून दुसरा घडा लावला.

डोमनलाल उगवला तेव्हा डोक्यावर काडेचिराईताचा भारा होता. भावाच्या घरात दोन दिवस निघाले नाहीत, तिथून पार चिचगडपर्यंत गेला होता. तो भारा टाकून थेट कोठडीच्या दाराशी गेला आणि कान लावला.

"कान काढा तिथून," ती म्हणाली. "घडा मी पायते. जव सरले, सांजच्या गाडीनं आनाले जा."

डोमनलालने वहाणा काढल्याच नव्हत्या.