कॅप्टनच्या मनातलं

अमेरिकेतल्या डुलुथच्या लोर्ना हाउगेनने चौतीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांच्या फेऱ्या लावल्या आणि निवृत्त झाल्यावर फॅन फिक्शन लिहायला घेतलं. जुन्या एका टीव्ही मालिकेतली अंतराळयानाची कॅप्टन उसनी घ्यायची, पुढची कथा आपली. नवरा, आर्विड, हसायचा, पण प्रत्येक प्रकरण आधी त्यालाच ऐकायचं असे. तो गेला तेव्हा कुणाशी बोलवेना ते तिने मार्जीन कुबियाकला पत्रांतून लिहिलं. मार्जीन कॅनडातल्या विनिपेगची, त्याच कॅप्टनवर लिहिणारी, नऊ वर्षांपासूनची मैत्रीण.

मग वर्षभर लोर्ना, दोघी जिथे कथा टाकत त्या साइटकडे फिरकली नाही. फिरकली त्या रविवारी मार्जीनच्या नव्या कथेत कॅप्टनचा नवरा मेला होता, आणि कॅप्टन मनातल्या मनात जे बोलत होती ते लोर्नाच्या पत्रांतलं होतं. शब्दन् शब्द. खाली चारशे वाचक रडत होते. एकाने विचारलं होतं, हे सुचलं कसं? मार्जीनचं उत्तर : ‘बर्फ उपसताना आपोआप आलं!’

“मॉम, चांगली झाड तिला,” मुलगी फोनवर म्हणाली.

“आमच्यात कथेखाली वाकडं लिहीत नाहीत. आवडलेलं वाक्य उतरवायचं नि खाली वाहवा करायची.”

“मग काय करणार?”

“वाहवा.”

लोर्नाने कॉफी करून घेतली आणि बसली.

‘“त्याच्या बुटांत मी उगाच पाय घालून बसते.” काय मन उलगडलंयस! ३ मार्चच्या पत्रात मी तुला हेच लिहिलं होतं.’

‘“त्याची उशी धुतली आणि फसले, वास गेला.” अप्रतिम! १९ मार्च.’

अशी अकरा वाक्यं, अकरा तारखा. कुठे एक कडू शब्द नाही. शेवटी लिहिलं : ‘एकच चुटपुट लागली. मरताना तो कॅप्टनला काहीतरी म्हणतो, पण काय, ते तू लिहिलंच नाहीस.’

संध्याकाळपर्यंत वाचकांनी मार्जीनला सोलून काढलं. वर प्रत्येक जण विचारत होता, तो म्हणाला तरी काय?

फोन आलाच.

“लोर्ना, चुकले गं. काढून टाक ना ते.”

“कौतुक कुणी मागे घेतं का, बाई?”

मार्जीन थोडा वेळ मुसमुसली. मग हळूच म्हणाली, “आर्विड... काय म्हणाला होता गं शेवटी?”

“बर्फ उपस,” लोर्ना म्हणाली. “सुचेल.”