दुसरी सही

काका कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उलटी करून बघत. चहाची बशी, नवी चप्पल, टीव्हीचा रिमोट. माझ्या मुलीच्या बारशाला आले, तेव्हा पाळणासुद्धा वाकून खालून पाहिला आणि एक स्क्रू ढिला आहे असं माझ्या सासऱ्यांना सांगितलं. सासरे दुखावले. स्क्रू मात्र खरंच ढिला होता.

ही सवय येवल्याची. त्यांच्या घरी पैठणीचे माग होते. खऱ्या पैठणीचा पदर मागून पुढून सारखाच दिसतो, त्यामुळे गिऱ्हाईक आधी पदर उलटून बघतं. काका विणकामात राहिले नाहीत. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण उलटून बघणं सुटलं नाही. "जो मागची बाजू दाखवत नाय, त्याच्याकडून काही घेऊ नये," असं ते म्हणायचे. संगणक घेतल्यावर त्यांनी हाच नियम ब्राउझरला लावला.

आमची ओळख गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयात झाली. मुक्त सॉफ्टवेअरवर छोटी बैठक होती, आणि मी तिथे बोललो होतो. एक ब्राउझर असा आहे, की त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, चूक दिसली तर कळवता येते, जमलं तर दुरुस्तही करता येते. जगभरातले लोक तो मिळून घडवतात. सगळे निघून गेल्यावर एक साठीचे गृहस्थ माझ्याजवळ आले. "म्हणजे मागची बाजू दाखवतात?" "हो." "आणि मला चूक दिसली तर माझं ऐकतात?" मी म्हणालो, ऐकतात, पण वेळ लागतो. "लागू दे. मी रिटायर आहे."

पुढच्या रविवारपासून मी सिडकोतल्या त्यांच्या घरी जाऊ लागलो. मी दाराशी चप्पल काढतोय तोच ते स्क्रीन माझ्याकडे वळवत. "अहो, त्याला बसू तरी द्या," काकू म्हणायच्या. त्या ब्राउझरमध्ये मराठी पानांवरच्या वेलांट्या बटणांच्या वरच्या कडेला कापल्या जात. काकांनी त्याचे फोटो काढले, प्रत्येकावर लाल वर्तुळ केलं, कारखान्यातल्या रिपोर्टसारखे नंबर घातले आणि मोडक्या इंग्रजीत पाठवले. दोन वर्षं दर महिन्याला ते एकच ओळ लिहीत: अजून कापली जाते. शेवटी दूरदेशीच्या कुणा मुलीने ती चूक सुधारली, आणि त्या नोंदीखाली काकांचं नाव आलं. काकूंनी शिरा केला. काका म्हणाले, "एवढं मोठं विमान, पण वेलांटी आपण बसवली."

मग आम्ही ब्राउझरचं मराठी भाषांतर हाती घेतलं. मी वीसेक ठिकाणी विचारलं, पण टिकलो आम्ही दोघंच. त्या समुदायाचा एक नियम होता: एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचून मंजूर करायचं. स्वतःचं लिहिलेलं स्वतः मंजूर करता येत नाही. काकांना हे फार आवडलं. "ज्यानं बोल्ट आवळला त्यानं सही करायची नाही. आमच्याकडे हेच होतं." ते लिहीत, मी मंजूर करी. माझ्या टिचकीला ते 'दुसरी सही' म्हणत.

सुरुवातीची वर्षं मी प्रत्येक ओळ वाचली. 'डाउनलोड'ला मराठी शब्द हवा की नको यावर एकदा आमचं महिनाभर भांडण चाललं. पुढे माझी नोकरी वाढली. माझ्या कंपनीत आम्ही ज्या वेबसाइट करायचो, त्या एकाच मोठ्या ब्राउझरवर तपासायचो. इतरांवर उघडल्या तर 'कृपया दुसरा ब्राउझर वापरा' अशी पाटी यायची. ती पाटी माझ्याच टीमने लिहिलेली. एकदा ती काकांच्या स्क्रीनवर आली. "एकच उरला की इंटरनेट कसं असावं हे तोच ठरवणार," ते म्हणाले. "मग आपण कुणाला कळवायचं, चूक झाली म्हणून?" ती पाटी कुणाची, हे मी त्यांना सांगितलं नाही. रविवारी जाणंही हळूहळू कमी झालं.

त्याच सुमारास साखरेने त्यांचे डोळे बिघडले. फोनवर म्हणाले, "आता मला अक्षरं पुसट दिसतात. मी सवयीनं लिहितो. तू नीट बघ." मी हो म्हणालो.

त्यांनी एकशे चाळीस ओळी पाठवल्या, त्या दिवशी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. काकांचं काम कधी चुकत नसे. टेबलाखाली फोन धरून मी पान उघडलं, सगळ्या ओळी निवडल्या आणि मंजूर केल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बघितलंस ना सगळं?"

"हो काका, सगळं बघितलं."

धोकादायक वेबसाइट उघडताना ब्राउझर जी सूचना दाखवतो, तिच्यात दोन बटणं असतात. काकांकडून त्या बटणांचे शब्द उलटे पडले होते. 'मागे फिरा' दाबलं की ब्राउझर त्या वेबसाइटवर पुढे नेत होता. नवी आवृत्ती आल्यावर दिंडोरीच्या एका शिक्षिकेने समुदायाच्या पानावर लिहिलं: मी सावध होऊन 'मागे फिरा' दाबलं, तरी पान उघडलं. मला वाटलं आता सुरक्षित आहे, म्हणून पासवर्ड दिला. माझं मेल खातं गेलं, त्यात माझ्या वडिलांची सगळी पत्रं होती.

मी ते वाचेपर्यंत काकांनी उत्तर दिलं होतं. काकूंना सांगून टाइप करून घेतलेलं, तीन वाक्यांचं. चूक माझी आहे. तपासणाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मी माफी मागतो.

मी सिडकोत गेलो. या वेळी स्क्रीन बंद होता. काका म्हणाले, "तिथं मी पाठवल्याची, तू मंजूर केल्याची, सगळ्याची वेळ लिहिलेली असते. हिच्याकडून वाचून घेतली. एकशे चाळीस ओळी, तीन मिनिटं."

काकू उठून आत गेल्या.

"मग चूक तुमची, असं का लिहिलंत?" मी विचारलं.

"कारखान्यात असतास तर तुझी सही काढून घेतली असती मी. इथं कुणाची काढू? दोघंच तर आहोत. माझं आता काय, दिसतच नाही. तुझं नाव राहिलं तर मराठी राहील."

मराठी राहिली नाही. समुदायाने कुणालाही दोष दिला नाही; फक्त कळवलं, की दोन नियमित माणसं मिळेपर्यंत पुढच्या आवृत्त्यांत मराठी देता येणार नाही. माणूस शोधण्याचं काम माझं होतं. मला ते पान उघडण्याचीच लाज वाटायची. असं वर्ष गेलं. काका फोनवर एवढंच विचारत, "कुणी भेटलं का?" मी म्हणायचो, बघतोय. खोटं बोलण्याची ती दुसरी वेळ. मग एका दुपारी काकूंचा फोन आला. काकांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. मी पोहोचलो तेव्हा ते शुद्धीवर नव्हते.

काकांच्या दहाव्यानंतर मी घरी बसून त्या एकशे चाळीस ओळी वाचल्या. चार दिवस लागले. ती दोन बटणं सोडली तर एकही चूक नव्हती. ती सुधारली आणि ओळी पुन्हा पाठवल्या, या वेळी माझ्या नावाने. मग दुसरा माणूस शोधायला लागलो. ऑफिसातला एकजण म्हणाला, "सर, मराठीत ब्राउझर वापरतं कोण?" कॉलेजांना पत्रं लिहिली. त्या शिक्षिकेलाही लिहिलं, सगळं खरं सांगून. तिचं उत्तर आलं नाही, आणि ते योग्यच आहे.

वेगळ्या नावाने दुसरं खातं उघडून मीच ते मंजूर करू शकतो. कुणाला कळणार नाही. एकदा अर्धा फॉर्म भरलाही होता. मग बंद केला.

दर रविवारी सकाळी मी ते पान उघडतो. ओळी तिथेच आहेत. वर माझं नाव, पाठवल्याची वेळ, आणि खाली राखाडी अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं असतं, की हे काम दुसऱ्या व्यक्तीच्या तपासणीची वाट पाहत आहे.