अंगणातला मुक्काम

मंगळवारी सकाळी अकरा वाजता माझी बायको बेळगावच्या शहापुरात एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि वारली. ती ताडपत्रीसाठी दोरी आणायला गेली होती. आम्ही गुरुवारी निघणार होतो.

निघणार होतो ते बेळगावहून ब्रह्मपुत्रेपर्यंत, आमच्याच गाडीतून, वाटेत तिच्यातच राहून. गाडी म्हणजे बायकोच्या भावाकडून घेतलेली जुनी पिकअप. तिच्या मागच्या उघड्या हौद्यात बसेल अशी लाकडाची एक खोली आम्ही करून घेतली होती. गाडी बायको चालवणार होती. खानापूरकडच्या शेतकरी घरातली ती, लग्नाआधीपासून ट्रॅक्टर चालवायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि सायकलीपलीकडे काही चालवलं नाही. नकाशावर दोरा लावून अंतरं मोजायची, एवढंच माझ्याकडे होतं.

खोली शहापूरच्या एका म्हाताऱ्या सुताराने केली. त्याने जन्मभर हातमाग बनवले होते. माग दिवसभर हादरतो तरी सुटत नाही, म्हणून बायकोने त्यालाच गाठलं. त्याने एकही खिळा मारला नाही. सगळे सांधे खाचा पाडून, पाचरी ठोकून बसवले. "खिळा हादऱ्यानं ढिला हुतोय, बाई," तो म्हणाला. "पाचर उलट घट्ट बसती." पण जन्मभर त्याने बसून काम करणाऱ्या माणसांसाठीच लाकूड कापलं होतं. विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो, त्याला डोक्यावर उंची लागत नाही. खोली हौद्यावर चढवली त्या दिवशी बायको आत उभी राहिली, तर डोक्यावर जेमतेम चार बोटं जागा. मी आत शिरलो आणि माझी मान वाकली ती वाकलीच.

"आप्पा, ह्ये काय करून ठेवलासा?" बायको म्हणाली.

सुताराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मागाला आमी खड्डा काढतो. हितं काढला तर सायबांचं पाय रस्त्याला लागतील की."

ती हसायला लागली ती थांबेना. "ऱ्हाऊ द्या. हे आत आले की पुस्तक घेऊन बसणारच. उभं ऱ्हायचं काम माझंच हाय."

सामान काय न्यायचं याची यादी मी करायला घेतली. तिने वही मिटली. तिच्या माहेरी सुगीच्या दिवसांत सगळं घर शेतात खोप घालून राहायचं. तिथे एक रीत होती: एकदा खोपीत गेलं की विसरलेल्या वस्तूसाठी घरी परतायचं नाही. जो परतेल त्याला सुगी संपेपर्यंत सगळे चिडवत. "काय पायजे ते कागदाला कळत न्हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊन बघायचं." मग आम्ही आठ दिवस अंगणात उभ्या गाडीत राहिलो. घराला कुलूप. ज्या वस्तूसाठी कुलूप काढावं लागेल ती गाडीत जायची.

शेजारच्या बाई फाटकाशी येऊन विचारत, "आक्का, भांडान झालंय व्हय गं? घरातनं काढलंन का काय तुला?"

"मीच काढलंय ह्यांला," बायको स्टोव्हला पंप मारत म्हणे, "पण एकटं झोपाय भितात, म्हणून आलोय संगट."

पहिल्या दिवशी चिमटा गेला. दुसऱ्या दिवशी चाळण, सुई-दोरा, माझी गुडघ्याची पट्टी. तिसऱ्या दिवशी मी शब्दकोश आणायला घरात गेलो आणि पकडला गेलो. तिने फळी ठोकून कोशापुरती जागा केली. पाण्याचे कॅन दाराजवळ आले, तिखटाचा डबा खिडकीखालून आतल्या कोपऱ्यात गेला, कारण खिडकीखाली ऊन लागून तिखटाचा रंग उतरत होता. ती रोज सकाळी लाकडी हातोडी घेऊन गाडीभोवती फिरायची आणि एकेक पाचर ठोकून बघायची. तो आवाज ऐकत मी आत पडून असायचो. माझ्या आयुष्यातले ते आठ दिवस मला आजही तासातासाने आठवतात.

आठ दिवसांनी आम्ही निघायला हवं होतं. निघालो नाही, आणि ते माझ्यामुळे. मला काही ना काही कमी दिसू लागलं. आधी कॅन बदलूया म्हटलं, मग ब्रेक पुन्हा तपासून घेऊया, मग एवढा पाऊस होऊ दे, मग दिवाळी. एकदा ती म्हणाली, "तुमाला यायचंच न्हाय का?" मी म्हणालो, तसं काही नाही. तसंच होतं. मला घर सोडायची भीती वाटत होती, आणि ते बोलायची लाज. तिने पुन्हा विचारलं नाही. एके दिवशी जेवताना म्हणाली, "येत्या गुरुवारी निघायचं." त्या गुरुवारी आमच्या घरी माणसं सांत्वनाला येत होती.

तेराव्यानंतर तिचा धाकटा भाऊ माझ्याजवळ बसला. "दाजी, उभी गाडी मरती. निपाणीचं गिऱ्हाईक हाय. खोली उतरवून द्या म्हणतंय, त्येला हौदा मोकळा पायजे. आक्का न्हाय, तर तुमी ठेवून काय करणार?"

मला चालवता येत नव्हती. मी होकार दिला आणि खोली रिकामी करायला घेतली. चौथ्या दिवशी बाकाखालच्या खणात, घडी केलेल्या ताडपत्रीखाली, दोन पत्र्याच्या पाट्या सापडल्या. पांढऱ्या पाट्यांवर लाल रंगात एल. शिकाऊ चालकाच्या. त्यांना भोकं पाडून तारही ओवून ठेवली होती. याबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. वाटेत मला शिकवणार होती, की मला कसंही करून त्या गाडीत गुंतवायचं होतं, हे आता कळायचा मार्ग नाही. मी बराच वेळ मान वाकवून तिथे उभा होतो. मग मेहुण्याला फोन करून सांगितलं, गिऱ्हाइकाला नाही म्हण.

"मग काय करणार तिचं?"

"तू शिकव मला."

तो म्हणाला, "लई अवघड काम सांगितलासा, दाजी."

आधी शिकाऊ परवाना काढला. मग भात कापून झालेल्या त्याच्या शेतात, धसकटांवरून, त्याने मला शिकवलं. मी क्लच सोडायचो आणि गाडी बंद पडायची.

"दाजी, क्लच हाय त्यो. पुस्तकाचं पान न्हवं इतक्या हळू सोडाय."

"पुन्हा बंद पडली."

"पडू दे. आक्कानं पयल्या दिवशी ट्रॅक्टर बांधावर चढवलता. तुमी निदान बांध तरी सोडलासा."

असं म्हणून त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. मी चावी फिरवली.

पक्क्या परवान्याच्या परीक्षेत मी एकदा नापास झालो, दुसऱ्यांदा पास. हे होऊन आता वर्ष झालं. गाडी माझ्याकडे आहे, खोली तिच्यावर आहे. महिन्यातून एकदा मी एकटा खानापूरपुढच्या लोंढ्यापर्यंत जातो, झाडीत गाडी बाजूला घेऊन तासभर वाचतो आणि संध्याकाळच्या आत घरी येतो. त्याच्या पुढे अजून गेलेलो नाही.