शेजारच्या बाईंची घरपट्टी

ऐंशीच्या दशकात आमच्या वरोऱ्यात माजी सैनिकांना घरपट्टी माफ झाली. बाबा फौजेतून निवृत्त झालेले, फक्त अर्ज द्यायचा होता. शेजारच्या बाईंचा नवरा मात्र लढाईत गेला होता आणि नगरपालिकेच्या ठरावात विधवांचं नावच नव्हतं.

"भाऊ, तुमी आपलं करून घ्या," बाई म्हणाल्या.

"तुमाले नाई, त मले कायले पाह्यजे?" बाबा म्हणाले.

वर्षभर ते स्वतःची पट्टी भरत राहिले आणि इस्त्रीचे कपडे घालून, आवाज न चढवता, नगराध्यक्षांना भेटत राहिले. शेवटी ठराव बदलला. बाईंना माफी मिळाल्यावरच बाबांनी स्वतःचा अर्ज लिहिला. फौजेतल्या गोष्टी मी त्यांच्याकडून पुष्कळ ऐकल्या होत्या. त्यांच्यातला शिपाई मला दिसला तो त्या वर्षी.