मामांच्या खोलीची कडी

दुपारची जेवणं झाली की मामा फोन घेऊन आतल्या खोलीत जायचे आणि आतून कडी लावायचे. मामा म्हणजे माझे सासरे. माधवनगरात उभा जन्म यंत्रमागावर गेला, त्या खडखडाटात कान गेले. माग भंगारात निघाले तसे ते बोलायचेच बंद झाले. चार माणसांत जेवायलाही येईनात. आणि आता ही कडी!

माझं माहेर साताऱ्याचं, वडील फौजी. संशय आला की मला चैन पडत नाही. कुणी फोनवरून गंडवत असेल का? पण ऐकू न येणाऱ्याला गंडवणार कसं? मग राहिलं काय? छे! पुढचं मनात आणायचीही लाज वाटली. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "आगं, बघू दे की काय बघायचं ते." म्हणजे त्यालाही तोच संशय! त्यात मामा हल्ली खुशीत. दाढी रोजच्या रोज, चहाला न बोलावता हजर. ते तर मला फारच खटकलं.

एका दुपारी आतून खो खो हसू आलं. मी तडक मागच्या खिडकीशी गेले. फोन तांब्याला टेकवलेला. पडद्यावर कुणी परदेशी नवरा-बायको जेवत होते. बाईनं गुपचूप त्याच्या ताटातला पाव उचलला, तो नुसता बघत राहिला. बस, एवढंच.

मामांनी मला पाहिलं, ओशाळून दार उघडलं.

"आवं मामा, ह्यात काय घडतच न्हाई की!"

त्यांनी माझे ओठ वाचले. मागाच्या खडखडाटात सगळे तसंच, नुसत्या ओठांनी बोलायचे.

"कुणाचा पिच्चर हाय, नाव वाचता येत न्हाई. पण कापड बघून कुणी विणलंय ते सांगायचो, तसा पिच्चर काढणाऱ्या ह्या गड्याला वळखतो. त्याचे चार बघितले. लय डोकं हाय गड्याला."

"मग कडी कशाला?"

"तुमी हसाल म्हणून."

माझा संशय काही फिटेना. "बोलणं कळतं तरी का?"

"बोलणं कुटं कळतंय! पण ह्यो पिच्चरवाला माणसाच्या तोंडावरनं नजर काढत न्हाई. तू बोलतीस ती सैपाकाच्या कट्ट्याकडं तोंड करून."

इतकी वर्षं मी त्यांच्यावर ओरडत होते, तेही पाठमोरी. माझी मलाच शरम वाटली.

संध्याकाळी भाकरी टाकता टाकता मी गॅस बारीक केला, दारातून समोर बाहेरच्या सोप्यात बसलेल्या मामांकडं वळले आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "मामा, जेवायला या."

सोप्यातून उत्तर आलं, "आमटीत मीठ घाल, काल इसरलीस." आणि येऊन ते सगळ्यांच्या मधे, माझ्या समोर बसले.