शेजारच्या बेसवाल्याची टाळी

इंग्लंडात वॉटफर्डला आमच्या शेजारी राहणारे आजोबा कचऱ्याची बिन बाहेर ठेवायलासुद्धा केसांचा कोंबडा काढून यायचे. केस मूठभरच उरले होते, पण कंगवा कायम शर्टाच्या खिशात. तरुणपणी ते रॉक अँड रोलच्या जातीचं रॉकबिली संगीत करणाऱ्या एका बँडमध्ये बेस हे माणसाएवढं उंच तंतुवाद्य वाजवायचे, तारांवर चापट्या मारत. बँड काही गाजला नाही, पण त्याची त्यांना खंत नव्हती. "गाणारा पुढे मिरवतो," ते म्हणायचे, "लोकांचे पाय मात्र आम्ही हलवतो."

एकदा ते आमच्या गणपतीला आले आणि आरतीत टाळ्या वाजवू लागले. आमच्या दोन टाळ्यांच्या बरोब्बर मध्ये त्यांची टाळी पडायची. पुण्याहून आलेल्या माझ्या आईनं डोळे वटारले. आजोबांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे ते वटारणं वाया गेलं. हळूहळू मुलं डुलायला लागली, मग बायको, मग मीही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई आरतीचं ताट घेऊन दारातच थांबली.

"आधी त्यांना हाक मार," ती म्हणाली. "काल ती टाळी मला जमता जमता आरती संपली."